भिंतीतून गेलेली शीव

फार वर्षांपूर्वी, जमिनी अजून कागदावर उतरल्या नव्हत्या आणि गावाची हद्द माणसाच्या पायांत राहत होती, तेव्हाची ही गोष्ट. निंबखळ आणि आसुदरा ही दोन गावं शेजारीशेजारी होती आणि शेजाऱ्यांचं जसं असतं तसंच त्यांचं होतं. लेकी एकमेकांत द्यायच्या, जत्रेला एकमेकांकडे जेवायचं, आणि बांधाचा विषय निघाला की बाह्या सरसावायच्या. दोन्ही गावांच्या मधोमध एक रान होतं, त्याला ओलाण म्हणत. चैत्रात सगळा मुलूख करपून जायचा, पण ओलाणात गुडघ्याएवढं हिरवं गवत असायचं. तिथं एक झरा होता आणि तो कधीच आटला नाही, असं म्हणतात. असलं रान दोन गावांच्या मध्ये असल्यावर ते कोणाचं, हा तंटा व्हायचाच.

अशा तंट्याचा निकाल लावायची त्या काळी एक रीत होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला वेसकर, म्हणजे वेशीची राखण करणारा माणूस, शीव चालायचा. सकाळी अंघोळ करून ओल्या अंगानं, गळ्यात कडुनिंबाचा पाला आणि डोक्यावर ग्रामदेवीच्या पायाजवळचं मातीचं ढेकूळ घेऊन तो टेकडीवरच्या खुणेपासून निघायचा आणि नदीच्या उतारापर्यंत अनवाणी जायचा. त्याची पावलं उमटतील ती हद्द. वाटेत त्यानं बोलायचं नाही, मागं वळायचं नाही, आडव्या आलेल्या कशालाही वळसा घालायचा नाही. त्याला कोणी शिवायचं नाही. आता, शिवायचं नाही हे निंबखळच्या लोकांना वेगळं सांगायची गरज नव्हती, कारण एरवीही त्याची सावली त्यांना चालत नसे. पण गंमत बघा, वर्षभर ज्याला वेशीच्या आत आवाज चढवून बोलता येत नव्हतं, त्याच्या पायांनी एकदा हद्द सांगितली की पाटलाची मान खाली जायची. खोटा चालला तर सव्वा महिन्यात त्याच्या घराचा सत्यानाश होतो, अशी दोन्ही गावांची पक्की समजूत होती.

निंबखळचा वेसकर होता गोंदनाक. चाळिशी उलटलेला, उंच, अबोल, आणि चालताना टाच आधी टेकवणारा. त्याच्या घराण्यात सात पिढ्या शीव चालण्याचा मान होता. शेवटची शीव त्याचा बाप धारनाक चालला होता, त्याला चाळीस वर्षं झाली होती. त्या दिवशी धारनाक ओलाणाच्या पलीकडच्या कडेनं गेला आणि सगळं रान निंबखळच्या वाट्याला आलं. मग त्या वाटेवर हद्दीचे दगड बसले. पाटलांनी खूश होऊन धारनाकाला वस्तीच्या टोकाला, अगदी ओलाणाला लागून, घराला जागा दिली. सव्वा महिना गेला, वर्ष गेलं, धारनाकाला साधी ठेचसुद्धा लागली नाही. तेव्हा लोक म्हणाले, माणूस खराच चालला. एवढंच झालं, की त्या दिवसापासून धारनाकानं मीठ खाल्लं नाही. वीस वर्षं तो अळणी जेवला आणि तसाच मेला. का, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

गोंदनाकाला मात्र एक गोष्ट ठाऊक होती आणि ती त्याच्या जिभेवर होती, अगदी खरोखरची. तो सहा वर्षांचा असताना, म्हणजे बाप शीव चालला त्याच्या आदल्या वर्षी, धारनाकानं त्याला हद्दीवरून फिरवलं होतं. घराण्याची शिकवण अशीच द्यायची पद्धत होती. प्रत्येक दगडापाशी थांबून चिमूटभर माती जिभेवर ठेवायची. बाप म्हणाला होता, ‘‘दगडाकडं बघू नगंस. माती चाख.’’ निंबखळची काळी माती गुळचट लागायची, आसुदऱ्याच्या मुरमाला चवच नव्हती, आणि त्या दोहोंच्या मधून हातभर रुंदीची एक पट्टी गेली होती, तिची माती खारट लागायची. तीच शीव. ती पट्टी टेकडीवरून उतरून ओलाणाच्या अलीकडून जात होती, पलीकडून नाही.

दहाव्या वर्षी गोंदनाकानं बापाला विचारलं होतं, बा, दगूड हितं कसा, हितली माती खारी न्हाई. धारनाकानं त्याच्या थोबाडीत मारली. पोरगं जमिनीवर पडलं आणि बघतं तर बाप पागोट्यात तोंड खुपसून रडत होता. मारल्याचं पोराला काही वाटलं नाही, पण बापाला रडताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. पण दरवर्षी जत्रेत शिवेच्या मानाचा नारळ आधी बापाच्या आणि नंतर त्याच्या ओंजळीत पडायचा, तेव्हा गोंदनाकाला दुसऱ्याचा अंगरखा घालून उभं राहिल्यासारखं वाटायचं. लोक त्याचा जोहार, म्हणजे नमस्कार, घ्यायचे, वस्तीतली पोरं कौतुकानं बघायची, आणि हा मान खाली घालून घरी यायचा. घरी आला की हौसाला, म्हणजे बायकोला, तो नारळ फोडू द्यायचा नाही.

मग तो उन्हाळा आला. आधीची दोन वर्षं पावसानं दगा दिला होता. विहिरी तळाला गेल्या, कडबा संपला, गुरांच्या फासळ्या मोजून घ्याव्या अशा दिसायला लागल्या. आसुदऱ्याच्या हैबती पाटलांनी परगण्याच्या हवालदाराकडे अर्ज केला, की ओलाणातलं निम्मं रान आमचं आहे, पुन्हा शीव चालवा. आसुदऱ्याचा स्वतःचा शीव चालणारा मूलबाळ नसताना मेला होता. तेव्हा हवालदारानं विचारलं, तुमच्याकडून कोण चालणार. हैबती पाटील म्हणाले, गोंदनाकच चालू दे, आम्हाला कबूल आहे. समोरच्या गावाचा माणूस कबूल आहे म्हटल्यावर हवालदारानं लिहिता लिहिता लेखणी खाली ठेवली, असं म्हणतात.

दिवस ठरला आणि त्याच्या चार दिवस आधी भर दुपारी निंबखळचे रंभाजी पाटील एकटेच वस्तीत आले. हौसाच्या हातातला डेरा खाली पडून फुटला. पाटील वस्तीत येतात हेच कोणी बघितलं नव्हतं, आणि इथं तर ते गोंदनाकाच्या अंगणात येऊन त्याच्याच गोणपाटावर बसले. वस्ती दारांआडून बघत राहिली. वर पाटलांनी नेहमीसारखं ‘गोंद्या’ म्हटलं नाही.

‘‘गोंदनाक,’’ पाटील म्हणाले, ‘‘म्या काही नवीन मागत न्हाई. तुझा बाप चालला तसा चाल. दगडं जाग्यावर हायती, त्यांच्या मागनं गेलं की झालं. गावाची चारशे गुरं त्या गवतावर जगत्यात, त्यात तुझी बी दोन.’’

चार बिघे जमीन इनाम देऊ, असंही ते म्हणाले. मग उठताना त्यांनी घरावरून नजर फिरवली. घर चांगलं बांधलंय धारनाकानं, जागा आमच्या आबांनी दिली होती, एवढं बोलून ते निघून गेले. आवाज चढला नाही, डोळे वटारले नाहीत.

पाटलांची पाठ वळल्यावर गोंदनाकानं जे केलं ते बघून हौसा चक्रावली. तो घरात गेला, चुलीमागच्या भिंतीशी गुडघे टेकून बसला आणि नखानं भिंतीच्या बुडाची माती खरवडून त्यानं जिभेवर ठेवली. मग अंगणात आला आणि तिथली चाखली. पुन्हा आत गेला. लहानपणी सगळीच पोरं भिंती चाटतात, त्यानंही चाटल्या होत्या, आणि ही भिंत खारट आहे हे त्याला तेव्हापासून कळलेलं होतं. फक्त त्यानं ते स्वतःला कधी कळू दिलं नव्हतं. खरी शीव त्याच्या घरातून जात होती. दारातून आत, चुलीच्या बाजूनं, आणि मागच्या भिंतीतून बाहेर.

बाप खोटा चालला हे त्यानं आतल्या आत कधीचंच धरलं होतं. पण खोट्याची किंमत म्हणून हे घर मिळालं, आपण जन्मभर त्या किमतीतच राहिलो, त्यावरच आपली चूल पेटली, हे त्याला त्या घडीला पहिल्यांदा दिसलं. तो तिथंच भिंतीला टेकून बसून राहिला. हौसानं दोनदा विचारलं तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं.

हौसा फटकळ होती. ऐकून तिनं त्याला सोडलं नाही. दगडांमागून चाललास तर कोण तुला खोटा म्हणेल, तिनं विचारलं. गाव म्हणणार नाही, हवालदार म्हणणार नाही, आणि आसुदऱ्याला तर निम्म्याचीच आशा आहे. बाप मेला, त्याला आता मेल्यावर खोटा पाडायचा का? आपली दोन गुरं, आपलं घर, कशाकशावर पाणी सोडायचं? आणि शेवटी ती म्हणाली, ‘‘वरीसभर ज्यास्नी आपली सावली चालत न्हाई, त्यास्नी येक दिस आपलं पाय खरं पायजेत. कशापायी? त्यास्नी कशापायी खरं द्यायचं?’’

ती म्हणत होती ते शब्दाशब्दानं बरोबर होतं. गोंदनाक म्हणाला, ‘‘त्येंच्यासाठी न्हाई, हौसा. समदा गाव मला खरा म्हणतोय आन् मला माझ्याच तोंडाकडं बघवत न्हाई. चाळीस वर्सं झाली. आता मला आपल्याच पायांवर हुबं ऱ्हायचंय.’’

हौसा त्यानंतर त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची आणि तोंड फिरवायची.

चौथ्या दिवशी सकाळी टेकडीवर माणूस मावत नव्हतं. एका बाजूला निंबखळ, दुसऱ्या बाजूला आसुदरा, मध्ये हवालदार घोड्यावर. गोंदनाक ओल्या अंगानं आला, डोक्यावर ढेकूळ घेतलं आणि निघाला. पाखरं त्या घडीला गप्प झाली, असं म्हणतात. पाखरांचं काय ते पाखरांना माहीत, पण माणसं नक्की गप्प झाली. पहिला दगड, दुसरा दगड, तिसरा दगड, तो दगडांवरूनच जात होता. रंभाजी पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. तिसऱ्या दगडाशी हद्द उजवीकडे वळून ओलाणाच्या पलीकडे जायची. गोंदनाक तिथं आला, क्षणभर थांबला आणि सरळ चालू लागला.

आधी कोणाला काही समजलंच नाही. निंबखळच्या लोकांना वाटलं पाय घसरला, आता वळेल. दहा पावलं झाली, वीस झाली, ओलाण त्याच्या उजव्या हाताला राहिलं, सगळंच्या सगळं, निम्मं नाही. आसुदऱ्याच्या लोकांची तोंडं उघडी पडली. त्यांनी निम्मं मागितलं होतं आणि हा माणूस अख्खं रान त्यांच्या पदरात टाकत चालला होता. हैबती पाटलांनी शेजाऱ्याचा दंड धरला आणि सोडायचं विसरले. रंभाजी पाटलांना बोलायचं होतं, पण शीव चालताना बोललं तर देवीचा कोप होतो, म्हणून त्यांचे नुसते ओठ हलत होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, असं म्हणतात.

आणि गोंदनाक आता थेट वस्तीकडे, आपल्या स्वतःच्या घराकडे चालला होता. लोकांना वाटलं, वळसा घालेल. तो वळला नाही. दारातून आत गेला. हजारभर माणूस वस्तीच्या कडेला, बांधावर, झाडांवर जमा झालं. दारातून समोर भिंत दिसत होती, आणि वळायची मुभा नव्हती.

आत चुलीपाशी हौसा होती. तो भिंतीसमोर उभा राहिला. डोक्यावरचं ढेकूळ एका हातानं धरून त्यानं खांदा भिंतीला लावला आणि रेटलं. भिंत हलली नाही. पुन्हा रेटलं. खांद्याची सालपटं निघाली, रक्त मातीला लागलं, पण धारनाकानं भिंत खरंच चांगली बांधली होती. बाहेर कोणी हलत नव्हतं. मदत करायला जाणं म्हणजे त्याला शिवणं, आणि शिवलं की चाललेली सगळी शीव बाद. निंबखळमधल्या काहींच्या मनात आशा उगवली होती, की आता हा इथंच थांबेल आणि सुटलो.

गोंदनाकानं बायकोकडे बघितलं नाही. बोलायचं तर नव्हतंच. तिसऱ्यांदा रेटून तो कपाळ भिंतीला टेकून उभा राहिला.

तेव्हा भिंत आपोआप दुभंगली, असं म्हणतात. निंबखळमध्ये अजूनही असंच सांगतात. पण वस्तीतल्या बायका हे ऐकून हसतात. त्या सांगतात, की तीन दिवस न बोललेल्या हौसानं कोपऱ्यातलं मुसळ उचललं. नवऱ्याला न शिवता ती त्याच्या बाजूला आली आणि आपल्या हातानं सारवलेल्या भिंतीवर, जिथं तिनं दर दिवाळीला चुन्याची बोटं ओढली होती तिथं, तिनं मुसळ घातलं. एकदा, दोनदा, दहादा. ती मोठ्यानं रडत होती आणि मुसळ घालत होती. चुलीवर ढेकळं कोसळली, विस्तव विझला. बघता बघता माणूस जाईल एवढं भगदाड पडलं आणि त्यातून समोर नदी दिसायला लागली.

गोंदनाकानं भगदाडात पाय टाकला आणि तो दगडासारखा थिजला. भिंतीच्या पायात, मातीनं लिंपलेला, कमरेएवढा एक दगड उभा होता. त्याच्यावर चंद्र आणि सूर्य कोरलेले होते. तो जुन्या शिवेचा दगड होता. बापानं सहाव्या वर्षी ज्याच्याशी उभं करून त्याला माती चाखवली होती, तोच.

घोडा सोडून हवालदार आत आला होता. त्यानंही दगड बघितला आणि डोक्यावरची पगडी काढली. चाळीस वर्षांपूर्वी जुने दगड उपटून नदीत फेका, असा तेव्हाच्या पाटलांचा हुकूम झाला होता. बाकीचे दगड धारनाकानं उपटले होते. हा एक नव्हता उपटला. या एका दगडासाठी त्यानं नेमकी ही जागा मागून घेतली होती, आणि दगड कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून त्याच्याभोवती घर बांधलं होतं. लाच म्हणून घेतलेलं घर त्यानं खऱ्याची राखण करायला वापरलं होतं. आणि ज्या खाऱ्या मातीत तो दगड उभा होता, तिची आठवण नको म्हणून की आठवण राहावी म्हणून, तो वीस वर्षं अळणी जेवला होता.

गोंदनाकाच्या डोळ्यांतून धारा लागल्या, पण तो चालतच राहिला, कारण शीव अजून पुरी झाली नव्हती. दगडाला डाव्या हाताचा ओझरता स्पर्श करून तो बाहेर पडला आणि नदीच्या उतारापर्यंत गेला. तिथं त्यानं ढेकूळ खाली ठेवलं. उन्हात वाळून ठणठणीत झालेल्या त्या ढेकळातून गवताचं एक पातं बाहेर आलं होतं, असं म्हणतात.

आता बोलायला हरकत नव्हती. हवालदारानं विचारलं, ‘‘गोंदनाक, तुझा बाप खोटा चालला होता?’’

‘‘व्हय. बा खोटं चालला,’’ गोंदनाक म्हणाला. ‘‘पर दगूड जाग्यावर ठिवला.’’

धारनाक का खोटा चालला, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही. भीतीनं म्हणा, पोराबाळांच्या भुकेनं म्हणा. गोंदनाकानंही त्यावर कधी तर्क केला नाही. मात्र त्या रात्री त्यानं बापाच्या नावानं मिठाचा खडा त्या दगडापाशी ठेवला आणि जत्रेचा तो न फोडलेला नारळ हौसाला फोडायला सांगितला.

हवालदारानं निवाडा दिला, की हीच शीव, ओलाण आसुदऱ्याचं, आणि शिवेच्या रेषेवर कोणी भिंत घालायची नाही. म्हणजे गोंदनाकाच्या घराला मागून कायमचं भगदाड राहणार. निंबखळ आठ दिवस सुन्न होतं. त्यानंतर राग उसळला. वेसकराचं बलुतं बंद झालं, मान काढून घेतला, त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरलं. आपल्याच माणसानं आपल्या गुरांच्या तोंडचं गवत काढलं, असं लोक म्हणत, आणि गवत खरंच गेलं होतं. गुरं मरायला लागली. पहिल्यांदा मेलं ते गोंदनाकाचंच जनावर. तो ते ओढून नेत असताना वस्तीतलीही काही माणसं तोंड फिरवून बसली, आणि ते त्याला पाटलाच्या रागापेक्षा जास्त लागलं. तरी त्या दिवसांत तो ताठ चालायचा, असं म्हणतात. भाकरी अर्धी मिळे आणि झोप पुरी लागे, हे हौसानंच पुढं आपल्या सुनांना सांगितलं.

महिन्याभरानं रंभाजी पाटील आसुदऱ्याला गेले आणि त्यांनी हैबती पाटलांपुढं पदर पसरला, की पाऊस पडेपर्यंत आमच्या गुरांना ओलाणात येऊ द्या. हैबती पाटील काही देवमाणूस नव्हते. चाळीस वर्षांचा सल त्यांच्या मनात होता. ते म्हणाले, ‘‘येऊ द्या की. पर त्या भगदाडातनं. दुसरीकडनं येक शेपूट जरी दिसलं तर कोंडवाड्यात.’’

निंबखळला हे ऐकून चक्कर यायचीच राहिली. ज्या वस्तीची सावली नको, त्या वस्तीत जायचं, आणि वस्तीत नाही तर घरात, आणि घरात नाही तर चुलीशेजारून. हैबती पाटलांनी हे फक्त निंबखळचं नाक कापायला केलं होतं. दोन दिवस कोणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पाटलांच्या गोठ्यातली दुभती गाय बसली ती उठेना. तेव्हा रंभाजी पाटील स्वतः उरलेली गुरं हाकत वस्तीत आले. मागं सगळं गाव होतं.

गुरं दारातून आत गेली आणि भगदाडातून ओलाणात पडली. त्यांच्यामागून पाटील उंबऱ्यावर चढले आणि आतून हौसाचा आवाज आला.

‘‘पाटील, जोडं काढा. हितं चूल हाय.’’

अंगणातली माणसं जागच्या जागी गोठली. पाटलांच्या वाड्यावरून जाताना या वस्तीतल्या माणसांना पायताण हातात घ्यावं लागायचं, पिढ्यान्‌पिढ्या लागायचं, आणि कधी कोणी त्यावर ब्र काढला नव्हता. आता पाटील काय करणार, घर जाळणार की काय, असं सगळ्यांना वाटलं. गोंदनाक दाराशी उभा होता. त्यानं बायकोला गप्प केलं नाही आणि पाटलांची माफीही मागितली नाही.

रंभाजी पाटलांनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांची नजर तिच्यामागच्या चंद्रसूर्याच्या दगडाकडे गेली. तो उपटायचा हुकूम त्यांच्याच आबांचा होता. ते खाली वाकले, जोडे काढले, हातात घेतले आणि अनवाणी त्या घरातून पलीकडे गेले. त्यांच्यामागून सगळं निंबखळ जोडे हातात घेऊन गेलं. पाऊस पडेपर्यंत रोज दोन वेळा असं चाललं. त्या उन्हाळ्यात निंबखळची चारशेपैकी तीनशे गुरं वाचली, असं म्हणतात.

गोंदनाक म्हातारा होऊन मेला. तो पुन्हा कधी शीव चालला नाही, कारण पुन्हा कोणी विचारलीच नाही. आता ते घर उरलेलं नाही. भिंतीचे दोन तुकडे उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये तो दगड. दरवर्षी चैत्रात, गोंदनाक चालला त्या तिथीला, दोन्ही गावं टेकडीवरून निघतात आणि त्या भगदाडातून जातात. तिथं पाटलांच्या घरचे असोत की कोणी असोत, जोडे हातात घेतात. हौसाच्या वंशातली एखादी बाई चूल पेटवून बसलेली असते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर चिमूटभर खारी माती ठेवते. कोणी काही बोलत नाही. शपथ नाही, नवस नाही. माणसं माती गिळतात आणि आपापल्या शेताकडे जातात.

आणि त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत, निंबखळमध्ये नाहीतर आसुदऱ्यात, कोणाचा तरी बांध हातभर मागं सरकलेला असतो, असं म्हणतात. तो कोणी सरकवला, हे शेजारी विचारत नाहीत.